माशातली हिरामावशी

पाम गावच्या फाट्यावरच्या माशात माणूस बारीक दिसतो, हा शोध आमच्या भागात सगळ्यांत आधी हिरामावशीने लावला. हिरामावशी आता नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कुठे हसू आलं, तर वाचणाऱ्याला नंतर अपराधी वाटायचं. मी स्वतः या प्रकरणात बऱ्याचदा हसलो आहे आणि दर वेळी मला नंतर तसं वाटलं आहे.

तर मासा. चौक सुशोभीकरण म्हणून कुठल्याशा उद्योजक मंडळाने तो दिला आणि लांबच्या शहरातल्या एका शिल्पकाराने घडवला. आरशासारखं घासलेलं स्टील, माणसाच्या दीडपट उंच, शेपटीवर उभा. करायचं होतं पापलेट, कारण आमचा किनारा पापलेटासाठी ओळखला जातो. पण शिल्पकाराने पापलेट बहुधा ताटातच पाहिलं असावं, तेही कुणीतरी अर्धं संपवल्यावर. मासा पोहताना वळतो, हे दाखवण्यासाठी त्याने तो पानासारखा वाकवला. त्यामुळे रस्त्याकडची बाजू बाहेर फुगलेली आणि मागची आत गेलेली. उद्घाटनाला पडदा ओढल्यावर बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही, कारण पडदा पूर्ण निघाला आहे की नाही, याची कुणाला खात्री वाटेना.

नंतर मतं आली. कुणी म्हणालं थेंब आहे, कुणी म्हणालं रॉकेलचा दिवा आहे. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले मनीष चुरी वीजकेंद्रातून निवृत्त झालेले आहेत आणि निवृत्तीनंतर सल्ला देण्याची जबाबदारी त्यांनी पूर्णवेळ स्वीकारली आहे. ते म्हणाले, "सावे, हे टर्बाइनचं पातं आहे. उलटं बसवलंय." हिरामावशी माशाच्या पुढ्यातच पाटी घेऊन बसायची. बोंबील, मांदेली, कधी करंदी. तिचं मत सगळ्यांत संयमी होतं. ती म्हणाली, "मासाच हाय. पन आजारी हाय."

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात शेड जुळवायला आहे. म्हणजे एका हातात ठरलेला निळा, दुसऱ्या हातात आजचा निळा, आणि मी सांगायचं मॅच किंवा मॅच नाही. अशा माणसाला आपल्यात एक कलावंत दडला आहे असं पन्नाशीला वाटू लागतं. घरच्यांनी ते फार मनावर घेऊ नये, आणि आमच्या घरच्यांनी घेतलंही नाही.

एका संध्याकाळी बोंबील घेताना माझं लक्ष माशाकडे गेलं. त्यात मागच्या कारखान्यांची धुराडी होती, पण शेवयांसारखी वळलेली. मधून एक लाल टँकर जात होता, तो जिभेसारखा लांबत लांबत कडेला गेला आणि नाहीसा झाला. मी फोन काढला. घरी आल्यावर फोटो चारुताला, म्हणजे बायकोला, दाखवला.

"यात काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. तेच तर. अमूर्त आहे."

"मग त्यासाठी फाट्यापर्यंत कशाला जायचं? घरी बसून काढायचा."

सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर चुरींचं उत्तर लगेच आलं, "हात हलला. लेन्स पुसून परत काढा." दुसऱ्या कुणीतरी लवकर बरे व्हा असं लिहिलं. ते बहुधा वेगळ्या संदेशाला असावं, पण मला लागलं.

मी मागे हटलो नाही. रोज कामावरून येताना माशापाशी थांबू लागलो. अणुवीजकेंद्र जवळ असल्यामुळे आमच्याकडे रिकामा उभा राहून फोटो काढणारा माणूस लोकांच्या डोळ्यांत येतो. एकदा साध्या कपड्यांतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. काय काढताय, म्हणाले. मासा, म्हटलं. हा मासा आहे, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. त्यांनी फोनमधले सगळे फोटो पाहिले, फोन आडवा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काढा काका, तुम्ही काढा." देशाच्या सुरक्षेला माझ्या कलेपासून धोका नाही, हे असं तोंडी जाहीर झालं.

हिरामावशी हे सगळं पाटीमागून बघत होती. एक दिवस म्हणाली, "सायेब, माझा काढा ना एक."

मी फोन तिच्याकडे वळवला. तिने पदर तोंडावर ओढला.

"समोरून नको. समोरून मी हाय तशी येते. त्याच्यात काढा, माशात."

हिरामावशी अंगाने चांगली भरलेली होती. माशाच्या फुगीर बाजूत मात्र ती वेतासारखी उभी दिसायची. हिरवी साडी म्हणजे एक बारीक रेघ, त्यावर एक लांबुडकं तोंड, आणि नाकातली चमकी एका ठिपक्याएवढी. ते पाहून ती इतकी खूश झाली, की मला दोन बोंबील जास्त टाकले.

"धर्मेशला पाठवा," म्हणाली. धर्मेश तिचा एकुलता मुलगा, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बोट बारा-पंधरा दिवस समुद्रात असायची. "त्याला वाटेल आय सुकली. लवकर येल घरी."

मी पाठवला. बोट किनाऱ्याजवळ आली, रेंज मिळाली, की त्याचं उत्तर यायचं, "आये, जेवत नाय काय?" ते मी तिला वाचून दाखवायचो. ती आधी हसायची, मग शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या मासवणच्या लाडकीसाठी मला ते परत एकदा वाचायला लावायची. लाडकी म्हणायची, "पोराला फसवते ही बाय." हिरामावशी म्हणायची, "मग? तुजा सांजच्याला घरी येते. माजा दर्यात हाय."

यानंतर तो नेमच झाला. ती माझी मॉडेल झाली आणि त्याहून जास्त टीकाकार झाली. "हा लय काला." "ह्यात माजं डोकं टँकरला चिकटलं." एकदा मी तिला माशाच्या मागच्या, आत गेलेल्या बाजूला नेलं, वेगळी रचना मिळेल म्हणून. तिथे उलटा प्रकार. सगळं पसरतं. हिरामावशीने त्यात बघितलं आणि विचारलं, "ही कोन? माजी सासू?" परत काही ती त्या बाजूला आली नाही. पाऊस आला, तरी पाटी पुढच्याच बाजूला भिजत ठेवायची.

एवढे फोटो जमल्यावर प्रदर्शन आलंच. पालघरच्या एका सभागृहात हौशी कलावंतांना भिंत मिळते असं कळलं. टेबलामागच्या माणसाने विचारलं, "विषय?"

"विषय नाही. अमूर्त आहेत."

"विषय नसेल तर भिंत कशी देणार? किल्ले आहे, पक्षी आहे, निसर्ग आहे. काय टाकू?"

मी अमूर्त म्हणजे काय, हे समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण कशात काढलेत?" माशात, म्हटलं. त्याने मत्स्यव्यवसाय असं लिहिलं आणि मार्चमधली एक तारीख दिली. ही बातमी हिरामावशीला सांगितली, तेव्हा तिला पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर वाटल्याचं दिसलं. "माजा पन लावनार भिंतीला?" तिने विचारलं. मधोमध लावणार, म्हटलं. "मग धर्मेशला घेऊन येते," ती म्हणाली. "बोट लागली का येते."

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गेलो, तर माशात नुसता रस्ता दिसत होता. इतके महिने त्या जागी एक हिरवी रेघ असायची. ती नसली की मासा रिकामा वाटतो, हे मला माहीत नव्हतं. लाडकी मेथीच्या जुड्या लावत होती. वर न बघता म्हणाली, "हिराबाय गेली. सकाळी पाटी उचलाला वाकली, ती तशीच बसली." मग तिने एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. मी मेथी मागितली नव्हती, हे आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

धर्मेश आमच्या घरी आला, तो त्यानंतर काही दिवसांनी. मी त्याला फक्त त्याच्या उत्तरांतून ओळखत होतो. उन्हाने रापलेला, आईसारखाच रुंद. सोफ्याच्या अगदी कडेला बसला. चारुताने पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"सायेब, तुमच्याकडे आयचे फोटो हायत ना? लय काढायचे तुमी, लाडकी मावशी बोलली."

"तुला पाठवलेले..."

"फोन पानीत गेला. जालं ओढताना." मग म्हणाला, "मला तिचं तोंड नाय बघाला मिलालं. बोट पार गुजरातच्या बाजूला होती. वायरलेसवर सांगितलं, पन मी येईपर्यंत कुटवर ठेवनार? काकाच्या पोरानी आग दिली. आता बाराव्याला फोटो लागेल. मानसं हात जोडतील ती कोनाला जोडतील?"

आधार कार्डावरचा चालणार नाही का, असं चारुताने हळूच विचारलं. त्याने खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "वैनी, तुमीच बघा. ही आय नाय. कोन तरी पकडून आनलेली बाय हाय." आणि लग्नकार्यात? लग्नात ती कायम चुलीपाशी, तो म्हणाला. फोटोवाला मांडवातला.

मी मोठ्या आत्मविश्वासाने माझा संग्रह उघडला. हिरामावशीचे शेकड्याने फोटो होते. धर्मेश एकेक बघू लागला.

"हे काय हाय?"

"ती तिची साडी. तो हिरवा बघ, वरून खाली येताना कसा..." मी बोलायचा थांबलो.

"आन हे?"

"हात असावा. किंवा पाटी."

"तोंड?"

तोंड होतं. एका फोटोत बोंबलाएवढं होतं, एका फोटोत भुवईपासून हनुवटीपर्यंत वीतभर आणि रुंदीला दोन बोटं. तो पुढे पुढे सरकवत राहिला, की आता येईल, आता येईल. शेवटचा फोटो आल्यावर त्याने फोन माझ्या हातात दिला आणि ते पाणी एकदाचं प्यायला. स्वयंपाकघराच्या दारातून चारुता म्हणाली, "अहो, इतके महिने रोज जायचात. एक सरळ नाही?"

"तीच नको म्हणायची."

"खरंय वैनी," धर्मेश म्हणाला. "ती तशीच होती." माझी बाजू घेणारा त्या दिवशी तो एकटाच होता, आणि त्याने ती घ्यायला नको होती असं मला वाटलं.

त्यातला बरा फोटो निवडून आम्ही विपुलच्या दुकानात गेलो. विपुल बोईसरमध्ये फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, आणि भावपूर्ण श्रद्धांजली. "टेन्शन नका घेऊ," म्हणाला आणि फोटो दोन्ही बाजूंनी ओढला. नाक पसरलं, कान जागेवरच राहिले. कान ओढले, तर हनुवटी गेली. मासा सगळीकडे सारखा वाकलेला नाही, ही शिल्पकाराची करामत आम्हाला तिथे समजली. शिवाय चमकी उजवीकडे आली होती. "आयची डावीकडं," धर्मेश म्हणाला. विपुलने फोटो उलटवला, चमकी डावीकडे गेली, पण बाई काही हिरामावशी झाली नाही.

"मॅच नाही," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून सवयीने गेलं. त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मग विपुलने फोटो एका अ‍ॅपमध्ये घातला. अ‍ॅपने थोडा विचार केला आणि एक गोरीपान, तिशीची, सगळे दात जागच्या जागी असलेली स्त्री समोर आणली. तिच्या मागे सूर्य मावळत होता.

धर्मेशने बराच वेळ बघून विचारलं, "ही कोन?"

"आई," विपुल म्हणाला. "एचडीमध्ये."

यावर सोसायटीत चर्चा झालीच. चित्रकाराकडून काढून घ्या, असं एकाने सांगितलं; पण त्याला काय बघून काढायला सांगणार, हे सांगितलं नाही. चुरी म्हणाले, "आहे तोच बारीक फोटो मोठा छापा आणि लोकांना लांब उभं करा. लांबून सगळं सरळ दिसतं." धर्मेशने मात्र वाद बंद केला. म्हणाला, "छापा बारीकच. तिला तोच आवडायचा. फाट्यावर बांधू, तिच्या जागेवर. घरात आधारचा ठेवू." आधारचा म्हणताना त्याने मान दुसरीकडे वळवली.

बाराव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, आम्ही फ्लेक्स घेऊन फाट्यावर गेलो. धर्मेश, मी, आणि कुणी न बोलावता चुरी. माणसाच्या छातीइतका उंच फ्लेक्स, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली वेतासारखी हिरामावशी. त्या दिवशी समुद्राकडून असा वारा सुटला होता की फ्लेक्स शिडासारखा भरू लागला. चुरी दोरी धरून सूचना देत होते, त्यामुळे दोरी दोनदा सुटली. एकदा फ्लेक्स लाडकीच्या टोमॅटोंवर जाऊन पडला. लाडकीने तो उचलला, पुसला आणि म्हणाली, "जरा आडोशाला घ्या रे. इकडं फाडाल तिला."

आडोसा एकच होता, माशाच्या मागे. जिकडे हिरामावशी जायची नाही तिकडे.

धर्मेशने फ्लेक्स दोन्ही कडांना धरून उघडला, दोऱ्या ओवायला भोकं कुठे आहेत ते बघायला. फ्लेक्सची छापील बाजू माशाकडे होती. मी दोरीचं टोक सोडवत होतो आणि वर बघितलं.

माशाच्या खोलगट पोटात हिरामावशी होती. पूर्ण नाही, गाल अजून जरा दबलेले होते. "मागे हो," मी म्हटलं. "थोडा मागे. आता पुढे. डावा हात खाली." धर्मेशला मी काय म्हणतोय ते कळलं नाही, पण बोटीवरच्या माणसाला ऐकायची सवय असते. मी सांगितलं तसा तो हलला, आणि एका जागी सगळं बसलं. पुढच्या बाजूने जेवढं चेपलं होतं, तेवढं मागच्या बाजूने परत दिलं. रुंद गाल, हनुवटीखालची घडी, एक दात नसलेलं हसू. एका आरशाने उजवीकडे नेलेली चमकी दुसऱ्याने डावीकडे आणून ठेवली होती. श्रद्धांजलीची अक्षरं तेवढी उलटी होती.

 मॅच हा शब्द वीस वर्षांत पहिल्यांदा मी तोंडातच ठेवला.

धर्मेश फ्लेक्सच्या वरून बघत होता. चुरी काहीतरी सांगायला पुढे आले आणि न सांगता मागे गेले. लाडकी भाजी उघडी टाकून आमच्याजवळ येऊन उभी राहिली. मी फोटो काढला. दोन, तीन, बरेच काढले. "झाला," मी म्हटलं. थोड्या वेळाने परत म्हटलं, "धर्मेश, झाला फोटो." त्याने फ्लेक्स खाली घेतला नाही. हात थरथरायला लागले, तशी माशातली हिरामावशी हलू लागली, मान हलवल्यासारखी. 

विपुलने तो फोटो उलट्या अक्षरांच्या खालून कापला. फोटोच्या दोन्ही कडांना धर्मेशची बोटं आली होती, माशात पसरून वेलची केळ्यांएवढी झालेली. "ती काढतो," विपुल म्हणाला. "राहू दे," धर्मेश म्हणाला. "धरलंय असं वाटतं."

बाराव्याला त्या फोटोला हार घातला. माणसं आली, त्यांनी हात जोडले आणि कुणाला जोडतोय असा प्रश्न कुणाला पडला नाही. मी भिंतीशी बसलो होतो, तर पालघरहून फोन आला. माझ्या प्रदर्शनाची तारीख नेमकी तीच होती, हे मी विसरलो होतो. "मत्स्यव्यवसायवाले ना तुम्ही? भिंत रिकामी आहे तुमची." राहू द्या, म्हटलं. रिकाम्या भिंतीइतकं अमूर्त मला काही जमलं नसतं.

लाडकी मासवणहून पायात चपला नसतानाच आली होती. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "बरोबर अशीच होती. पन तिला हा आवडला नसता."

मधे एकदा धर्मेश फाट्यावर भेटला. बोट दुसऱ्या दिवशी निघणार होती. तो बारीक फोटो त्याने बोटीच्या केबिनमध्ये, सुकाणूच्या वर लावला आहे. बाकीचे खलाशी हसतात, म्हणाला, ही काय काठी लावलीस म्हणून. तो काढत नाही. तिच्याकडं बघितलं का आय सुकली असं वाटतं आन लवकर घरी जावंसं वाटतं, म्हणाला.

घरी आता कोण आहे, हे मी त्याला विचारलं नाही. आम्ही दोघं माशासमोर उभे होतो. त्यात आम्ही दोघंही बारीक दिसत होतो.